मृत्यू : शून्य

ललितानं तक्ता पुन्हा वर सरकवला आणि पडद्यावरच्या त्या ओळीवर बोट ठेवलं. ‘मृत्यू : शून्य. पाठपुरावा तुटलेली मुलं : चार.’

सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार असलेल्या मुलांवर एका औषधाचा झालेला हा जुना अभ्यास. काळ शहाण्णव ते अठ्ठ्याण्णव, गावं बालाघाट जिल्ह्यातली, लामत्याच्या आसपासची. असे ठिकठिकाणचे अभ्यास गोळा करायचे, प्रत्येकातले आकडे काढायचे आणि सगळे मिळून काय सांगतात ते पाहायचं, हे ललिताचं काम. त्या निष्कर्षावरून पुढे डॉक्टर औषध देणार. पूर्वी ती नर्स होती. पण तिलाही सिकलसेल होता, आणि दुखणं उठलं की वॉर्डात उभं राहवत नसे. तीन वर्षं ती बालाघाट शहरातल्या भाड्याच्या खोलीतून हेच काम करत होती. कित्येक दिवस दूधवाल्याखेरीज कुणाशी बोलणं होत नसे.

या अभ्यासात तिचा मोठा भाऊ रवी होता. अभ्यास चालू असतानाच तो गेला, नऊ वर्षांचा.

तिनं श्रुतिकाला फोन लावून रवीचं सांगितलं. श्रुतिका पुण्याहून सगळं काम पाहायची. दोघी प्रत्यक्षात कधी भेटल्या नव्हत्या.

“ललिता, हा अभ्यास तू सोड. मी दुसऱ्या कुणाला देते,” ती म्हणाली. “मूळ डॉक्टरांना पत्र पाठवू. पण आपल्याला आठवणीवर जाता येत नाही गं. एखादा कागद मिळतो का बघ.”

दुसऱ्या दिवशी ललिता सकाळच्या बसनं लामत्याला गेली. आई गेल्यापासून तिचे वडील, वसंता, घरी एकटेच होते. अंगणात बाजेची सुतळी ताणत बसले होते.

“बाबा, रवीचं ते दवाखान्याचं कार्ड हाये का?”

ते उठले. आत जाऊन पेटी उघडली आणि निळं कार्ड आणून तिच्या हातात दिलं. नाव, वय, क्रमांक एकशे बारा. मागच्या बाजूला महिन्याच्या महिन्याला एक शिक्का. ललितानं शिक्के वाचले. मग परत पहिल्यापासून वाचले.

“रवी सप्टेंबरात, तान्ह्या पोळ्याच्या दिवशी गेला, बाबा. शिक्के तं पुढच्या मार्चपर्यंत हाये.”

वसंतांनी सुतळीचं टोक दातात धरलं, गाठ मारली.

“म्या सांगतलंच नाही त्यायले.”

“काहून?”

“घरटी एकच लेकरू घेत होते. चिठ्ठीत रवीचं नाव निघालं. बिमारी तं तुलेबी होती.” त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. “तो गेला असं सांगतलं असतं तं गोळ्या बंद झाल्या असत्या. दर महिन्याले जात होतो. कंपाउंडर विचारे, बच्चा कैसा है? म्या म्हनो, ठीक है. सात महिने. मंग एक दिवस म्हने, खून जाँचना है, बच्चे को लाओ. तवापासून गेलोच नाही.”

संध्याकाळी बाबा आपल्याला गुळात चुरून काहीतरी भरवायचे, ते ललिताला आठवत होतं. आई त्या वेळी उठून मागच्या दारी जायची.

“मले हे लिहा लागन, बाबा. रवी गेला तेबी, अन् हे शिक्केबी.”

“लिही. आता मले कोन काय करन?”

त्यांनी सुतळी ओढून घट्ट केली. मग थांबले.

“तू शिकलेली हायेस. एक गोष्ट सांग. तो कंपाउंडर एक डाव म्हने, आधे बच्चों को दवाई है, आधों को खाली गोली. दिसाले सारखीच. आपल्याले कोनती भेटली होती?”

रवीला कोणत्या गटात टाकलं होतं, हे त्या शोधनिबंधात कुठेच नव्हतं. तशी यादी उरली असलीच, तर ती मूळ डॉक्टरांकडे असणार.

“औषधच होतं, बाबा.”

“पक्कं?”

“हौ. पक्कं.”

त्यांनी मान हलवली. तोंड फिरवून उपरण्यानं डोळे पुसले आणि चहाचं आधण ठेवायला उठले.

बालाघाटला परतल्यावर ललितानं कार्डाच्या दोन्ही बाजूंचे फोटो श्रुतिकाच्या पत्राला जोडले. मृत्यूची तारीख लिहिली. सात महिन्यांची हजेरी वडिलांनी खोटी लावली, ती का, तेही लिहिलं. पत्र पुन्हा वाचलं आणि पाठवण्याआधी शेवटी एक ओळ घातली :

‘एकशे बारा क्रमांकाचं मूल कोणत्या गटात होतं हे डॉक्टरांकडून समजलं, तर तुमच्या नोंदीत घ्या. मला कळवू नका.’