कणसाचं टोपडं

कीर्तनकार आख्यानात कितीही रंगला तरी फिरून मूळ पदावर येतो, तसंच आपल्या मक्याचं, असं मुकुंदराव सांगत. साध्या मक्यातलं प्रथिन लेकरांच्या अंगी नीट लागत नाही. ते लागावं म्हणून दुसऱ्या वाणातून तेवढा एक गुण आणायचा, आणि पुढची प्रत्येक पिढी पुन्हा मूळ वाणाशीच जुळवायची. गुण उतरला का, ते रोपाच्या पानाचा तुकडा तपासून, डीएनएतल्या खुणेवरून कळतं. कैक हंगामांनंतर हैदराबादेतल्या त्यांच्या शेतावर मनासारखं एकच झाड निघालं होतं.

कणसाला केस फुटायच्या आत त्यावर कागदी पिशवी चढवावी लागते. नाहीतर वाऱ्यावरचा कुठलाही पराग येऊन बसतो, आणि त्या कणसाचं बी वाया जातं.

"कणसांना टोपडी घालता," त्यांच्या पत्नी भारतीकाकू चिडवायच्या, "पोटच्या लेकाला कधी घातलं नाहीत!"

"तो कुठं उन्हात उभा होता गं?"

नेमक्या पिशवी चढवायच्या दिवशी, चिक्कडपल्लीच्या घरी, काकडआरती म्हणता म्हणता मुकुंदराव गेले. शेतावरची झाडून सगळी माणसं अंबरपेठच्या स्मशानात आली. त्यांच्या हाताखाली शिकलेली दीपाली घरी काकूंजवळ बसून राहिली. तिला वाटलं, शेतावरचा गडी यादगिरी मागे थांबला असेल. यादगिरीला वाटलं, दीपालीअम्माने पिशवी चढवली असेल. आणि स्मशानातून परतलेला माणूस त्या दिवशी पिकात पाय घालीत नाही.

दुसऱ्या सकाळी केस बाहेर आले होते. त्यांवर पिवळी धूळ.

यादगिरी बांधावर बसला. मुकुंदराव त्याचे 'सार'. "सार होते तो गालियां देते, अम्मा."

सांगायचंच, असं ठरवून दीपाली काकूंकडे गेली. काकूंनीच घडी घातलेली कागदी पिशवी पुढे केली.

"सदऱ्याच्या खिशात होती. कालचीच ना? झाड बरं आहे?"

"उघडंच राहिलं, काकू. आम्ही सगळे इकडे आलो."

"एकही जण थांबला नाही?"

"नाही."

काकूंनी डोळ्यांना पदर लावला. काल त्या रडल्या नव्हत्या. "वेडे गं तुम्ही. किती रागावले असते!"

"मागच्या पिढीचं बी आहे. पुन्हा लावू. पण असंच झाड निघेल, हे नाही सांगता येत."

"ही तरी घाल त्याला."

"आता उपयोग नाही."

"ठाऊक आहे. त्यांच्या हातून राहिली ना."

तिसऱ्या दिवशी सकाळी दीपालीने पिशवी चढवली. पराग कोणत्या वाणाचा, ते पिशवीवर लिहायची पद्धत असते. तिने पेन काढलं आणि तसंच परत ठेवलं. झाड वाकू नये म्हणून यादगिरी ते दोन्ही हातांनी धरून उभा होता. पिशवी बांधून झाली, तरी त्याने सोडलं नाही.