दारासमोरच्या दोन जागा

आमच्या कारखान्याच्या वाढीवर हरकत आली ती एकच, आणि तीही ड्रायव्हरकाकांची.

कारखाना आपलं म्हणायचं. मागे एक भट्टी, पुढे दोन बाकं आणि भिंतीला टांगलेले पाय, एवढाच त्याचा पसारा. बाबा कृत्रिम पाय बनवतात. मी साचे घेते, म्हणजे जिथून पाय कापला असेल तिथे ओल्या प्लास्टरच्या पट्ट्या गुंडाळून माप उतरवते. तेव्हा आज नाव नोंदवलं की पाय मिळायला पाच महिने लागायचे. हात होते, जागा नव्हती. म्हणून बाबांनी पुढच्या अंगणात शेड टाकायची परवानगी मागितली. दुसरी भट्टी, आणखी तीन बाकं, चार कारागीर असा बेत होता. अडचण एवढीच, की त्या अंगणात पाच गाड्या उभ्या राहायच्या. धंदा वाढला की गाड्यांची जागाही वाढवावी, असा नियम. आमची तर होती तीही जाणार होती. बाबांनी अर्जात लिहिलं, बाजारामागे गाड्या लावायचं मैदान आहे, इथून चारशे पावलांवर.

हरकती मागवणारी फाटकावरची नोटीस निघायच्या आठवड्यात हरकतीची प्रत घरी आली. अक्षर बघूनच बाबांनी ओळखलं.

"ज्याला पायावर उभं केलं, त्यानंच पाय ओढले."

ड्रायव्हरकाका हे बाबांचं पहिलं गिऱ्हाईक. बावीस वर्षांपूर्वी ट्रक उलटला आणि त्यांचा डावा पाय गुडघ्याखालून गेला. तेव्हापासून दरवर्षी "सर्व्हिसिंगला आलोय" म्हणत यायचे आणि तासभर गप्पा मारून जायचे.

"एकदा जाऊन विचारा तरी त्यांना," आई म्हणाली.

"विचारायचं काय त्यात?" बाबा गेले नाहीत.

सुनावणीला नगररचना कार्यालयातल्या लांबट खोलीत आम्ही एका बाजूला, काका दुसऱ्या बाजूला बसलो. अधिकारी बाईंनी नकाशा उलगडला, कोपऱ्यांवर पंचिंग मशीन आणि पाण्याचा ग्लास ठेवला.

"पाच महिने म्हणजे फार झाले," त्या काकांना म्हणाल्या. "जागा वाढली तर लोकांचीच सोय आहे. तुमची हरकत कशाला?"

काका टेबलाला धरून उठले. "मॅडम, पाय मिळाल्यावर चारशे पावलं म्हणजे काहीच नाही. मी रोज तीन हजार चालतो, ह्यांच्याच कृपेनं. पण पाय मागायला येणाऱ्यानं ती कशी चालायची? पहिल्यांदा आलो तेव्हा मेव्हण्यानं मला गाडीतून दारात उतरवलं होतं. बाजारातून चारचौघांदेखत उचलून आणलं असतं, तर मी आलोच नसतो. घरीच बसलो असतो."

बाईंनी बाबांकडे पाहिलं. "नवे लोक येतात कसे?"

बाबांना काहीही सांगता आलं असतं. मी मनात म्हणत होते, सांगा, रिक्षा येते दारापर्यंत.

"कुणाच्या तरी गाडीतून," बाबा म्हणाले. "गाडी दाराला लागेपर्यंत उतरत नाहीत."

परतताना मी बाबांवर चिडले, रिक्षाचं का नाही सांगितलं म्हणून.

पंधरा दिवसांनी निकाल आला. शेड मंजूर, पण निम्मी. दाराला लागून दोन गाड्यांची जागा कायम मोकळी ठेवायची. बाकीच्या जागांची बाईंनी सूट दिली होती आणि कारणं स्वतःच्या सहीनं लिहिली होती. भट्टी बसली. बाक मात्र एकच मावलं, आणि कारागीरही एकच घेता आला. पाच महिन्यांचे साडेतीन झाले.

शेड उभी राहिल्यावर तीन महिन्यांनी एका शिवणकाम करणाऱ्या बाईच्या मुलाचा फोन आला. तिचा साचा मीच घेतला होता. एका पायावर मशीन चालवता येत नाही, म्हणून ती घाई करत होती. "आई गेली," तो म्हणाला. "तिचं नाव काढून टाका. दुसऱ्या कुणाला तरी लवकर मिळेल." पूर्ण शेड मिळाली असती, तर तिचा पाय केव्हाच तयार झाला असता. निदान शेवटचे काही आठवडे ती मशीनवर बसली असती. हे मला कळत होतं आणि बाबांनाही.

त्याच आठवड्यात काका आले. उरलेला पाय बसतो ते सॉकेट सैल झालं होतं, चालताना खटखट वाजत होतं. ते दारातच थांबले.

"रागावलात ना, मिस्त्री?"

"रागावलोय," बाबा म्हणाले. मग त्यांनी त्या शिवणकामवाल्या बाईची सगळी हकिगत सांगितली, काही न वगळता.

काकांनी टोपी काढली. ती हातात फिरवली. "म्हणजे मी चुकलो?"

बाबांनी दाराकडे पाहिलं. बाहेर कुणाची तरी गाडी दाराला लागत होती.

"नाही," ते म्हणाले. "तेच तर जड जातंय."

मग त्यांनी स्टूल पुढे ओढलं. "बसा. पाय काढा, बघू काय झालंय ते."