एकशे बारा नंबरचा दगड

दगड धुतले म्हणून कोणाची नोकरी धोक्यात आल्याचं मी कधी ऐकलं नव्हतं. आमच्या कॉलेजच्या भूशास्त्र विभागानं तेही दाखवलं.

चूक अर्धी माझी. मी तिथला प्रयोगशाळा सहायक. सोमवारी तपासणीला समिती येणार, म्हणून गुरुवारी मी सफाईच्या मावशींना म्हणालो, "संग्रहाचं कपाट लख्ख करून टाका." माझ्या डोक्यात कपाटाची काच होती. मावशींना अर्धवट काम जमत नाही. त्यांनी आतले एकशे चाळीस दगड बाहेर काढले, टबात साबणाचं पाणी केलं आणि एकेक दगड घासून गच्चीवर वाळत घातला. शुक्रवारी सकाळी मी वर गेलो तर दगड उन्हात नवे कोरे दिसत होते आणि त्यांच्यावर चिकटवलेले नंबर टबाच्या तळाशी लगदा होऊन बसले होते.

एखाद्याला वाटेल, त्यात काय एवढं? पण नंबर गेला की दगडाचं नोंदवहीशी नातं तुटतं. तो कुठून आणला, कोणत्या थरातला, किती कोटी वर्षांचा, हे सगळं त्या चिठोऱ्यावर अवलंबून. शिवाय एकतीस नंबर जागेवर नव्हताच. ते सैंधव मीठ होतं. "साबणाच्या वडीसारखं झिजतच गेलं हो," मावशी म्हणाल्या. "मला वाटलं, मळच आहे सगळा."

विभागप्रमुख मॅडमसमोर मी सांगून टाकलं की सूचना माझी होती. "तुम्ही कायम नोकरीत आहात," त्या म्हणाल्या. "या कंत्राटावर आहेत. सोमवारपर्यंत कपाट नीट लागलं नाही, तर मंगळवारपासून दुसरं कोणीतरी पाठवा असं मी कळवणार." मावशी ओले हात पुसत उभ्या होत्या. नवरा गेल्यावर मिळालेली त्यांची ही पहिली नोकरी. पाच वर्षांत एक खाडा नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शेवटी मी सरांचं दार ठोठावलं. हा सगळा संग्रह सरांनी तीस वर्षं डोंगर तुडवत जमवलेला. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली होती आणि काचबिंदूनं डोळे जवळजवळ नेले होते. मी त्यांना सगळं सांगितलं.

"सैंधव पूर्ण विरघळलं?"

"पूर्ण."

"बिचारं. समुद्र आटल्यापासून पाण्याची वाट बघत होतं." आणि ते पायानं चपला चाचपू लागले.

शनिवारी आम्ही तिघं प्रयोगशाळेच्या लांब टेबलाशी बसलो. मावशी दगड सरांच्या हातात देत, सर ओळखत, मी नोंदवहीतली जोडी शोधून नवी चिठ्ठी लिहीत असे. प्रत्येक चिठ्ठीवर खाली ओळखणाऱ्याची सही लागते. मी पेन जागेवर टेकवून देई आणि सर सही ओढत.

डोळ्यांवाचून त्यांचं काही अडत नव्हतं. शंखजिरं बोटाला गुळगुळीत लागलं की झालं. मॅग्नेटाइट चुंबकाला चिकटे. चिखलाच्या खडकावर ते तोंडाची वाफ सोडत आणि मातीचा वास आला की मान हलवत. हाडाचा जीवाश्म त्यांनी जिभेला लावला, कारण जुनं हाड जिभेला चिकटतं. मग तोंड वाकडं केलं.

"मावशी, साबण कोणता?"

"लिंबाचा."

"तरीच. आयुष्यात इतकं स्वच्छ हाड चाखलं नव्हतं."

मावशी पहिल्यांदा हसल्या. मग त्यांची भीड चेपली. खनिज आणि खडक यांत फरक काय, असं त्यांनी विचारलं. सर म्हणाले, खनिज हा एकच जिन्नस, आणि खडकात बहुतेक वेळा तीनचार खनिजं एकत्र नांदतात. "म्हणजे खनिज एकटं माणूस आणि खडक घर," मावशी म्हणाल्या. सर माझ्याकडे वळले. "हे सांगायला मी अर्धा तास घ्यायचो."

थोड्या वेळानं मावशींच्या हातात एक दगड झालेला वेटोळा शंख आला. किती जुना, असं त्यांनी विचारलं.

"अकरा कोटी वर्षं."

"आणि माणूस?"

"तीन लाख, फार तर."

मावशींनी मनाशी काहीतरी जुळवलं. "मग मॅडमना दोन दिवस दम धरायला काय झालं होतं?"

रविवारी संध्याकाळी दोनच दगड उरले. दोन्ही पांढरे, ओबडधोबड, ना धार ना पैलू. विरघळलेला एकतीस सोडला तर नोंदवहीत दोनच नोंदी रिकाम्या होत्या: सत्तावन्न, गारगोटी आणि एकशे बारा, कॅल्साइट, म्हणजे चुन्याचं खनिज. सर दमले होते. त्यांनी एक दगड हातात तोलला, नखानं खरवडला. "गारगोटी. सत्तावन्न लिहा." मी लिहिलं. गारगोटीवर चाकूचा ओरखडा उठत नाही; तेवढं बघायला मला चार सेकंद लागले असते. पण सरांचं तपासायचं, हे माझ्या मनातही आलं नाही.

मावशी तो दगड ट्रेमध्ये ठेवीनात. हातात धरून बसल्या.

"काय झालं?" मी विचारलं.

"दादा, मी एक सांगितलं नाही." त्यांचा आवाज बारीक झाला. "या दोघांवर पिवळा डाग होता. साबणानं जाईना. म्हणून संडासाचं अ‍ॅसिड टाकलं थोडं. त्या दुसऱ्याला काही झालं नाही. हा मात्र फसफसला. घाबरून मी लगेच पाण्याखाली धरला. हे मॅडमना कळलं तर गेलीच माझी नोकरी. पण गारगोटी अ‍ॅसिडनं फसफसत नाही असं सर कालच म्हणाले, मग खोटी चिठ्ठी लावायची तरी कशी?"

मी डोक्याला हात लावला. सर मात्र ताठ बसले. "पातळ अ‍ॅसिडची बाटली आणा," ते म्हणाले. मी त्या दगडावर एक थेंब सोडला. सरांनी दगड कानाशी नेला आणि ऐकत राहिले. खोलीत त्या बारीक फसफशीखेरीज आवाज नव्हता.

"कॅल्साइट," ते म्हणाले. "चुकलो मी."

इतक्या वर्षांत हा शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकला नव्हता. त्यांना तो जड गेला, हे दिसत होतं. मला वाईट वाटलं आणि त्यांचा अभिमानही वाटला. मी नवी चिठ्ठी लिहून पेन पुढे केलं, तर त्यांनी हात मागे घेतला. "जो ओळखतो त्याची सही."

"सर, माझं अक्षर धड नाही," मावशी म्हणाल्या. "आणि उद्या कोणी विचारलं तर अ‍ॅसिडचं सांगावं लागेल."

"लागेल. सही केली की उत्तर द्यावं लागतं."

मावशींनी सही करायला एक मिनिट घेतलं.

सोमवारी समितीतले एक गृहस्थ कपाटाशी रेंगाळले. एकशे चाळीस खणांपैकी त्यांचा हात नेमका एकशे बारावर गेला. "ही सही कोणाची?" मॅडमनी चिठ्ठी पाहिली, माझ्याकडे पाहिलं.

"माझी," दारातून मावशी म्हणाल्या. हातात बादली होती.

"कशावरून कॅल्साइट?"

"अ‍ॅसिड टाकलं की फसफसतो. मी धुताना टाकलं होतं. सत्तावन्न नंबर फसफसत नाही."

गृहस्थांनी मान डोलावली, काहीतरी टिपून घेतलं आणि पुढे गेले.

समिती गेल्यावर मॅडम परत आल्या. ती चिठ्ठी हातात घेऊन त्यांनी दोनदा वाचली आणि खणात ठेवून दिली.

"मावशी, उद्यापासून या कपाटाला पाणी लावायचं नाही," त्या म्हणाल्या. "ब्रश घ्या. दुसऱ्या कपाटालाही." आणि केबिनमध्ये निघून गेल्या.

सर सकाळपासून बाहेर बाकावर बसून होते. पावलं ऐकून त्यांनी तोंड आमच्याकडे वळवलं. "काय झालं?"

मावशींनी बादली खाली ठेवली आणि त्या सरांच्या शेजारी बसल्या.

"राहिले मी, सर."