इंजिनाचा कोंबडा

कोंबडा काही केल्या आरवेना. जोतीरामनं इंजिनावरच्या तेलाच्या टाकीतून पातळी सांगणारा तरंगता फ्लोट पुन्हा बाहेर काढला, दांडीवरून खाली सरकवला आणि वाट बघितली. किल्ली चालू होती, बॅटरी भरलेली होती, वायरी कालच नव्या जोडल्या होत्या. तरी सगळं गप्प.

"मेलास व्हय रं?" त्यानं इंजिनाला विचारलं आणि कपाटातून नवा भोंगा काढला.

उचगावात त्याचं दुकान होतं मोटारपंप दुरुस्तीचं. पाटीवर बोटीचं नावही नव्हतं. पण उन्हाळा सरत आला, की सासुरवाडीच्या बोटीचं इंजिन टेम्पोतून त्याच्या दारात यायचंच. सासुरवाडी नदीकाठची, पूर आला की निम्मं गाव पाण्यात. जावयाला कुणी अंगठी देतं, कुणी घड्याळ देतं. याला गावानं इंजिन सांभाळायला दिलं होतं, तेही जुनंपानं टू-स्ट्रोक.

टू-स्ट्रोकला पेट्रोलबरोबर तेलही पाजावं लागतं. या इंजिनाला तेलाची टाकी वेगळी होती आणि एक छोटासा पंप वेग बघून तेल आपोआप मिसळायचा. असा पंप जुना झाला, की बरेच मेकॅनिक तो काढून फेकतात आणि तेल हातानं पेट्रोलमध्ये घाला म्हणतात. जोतीरामला ते मान्य नव्हतं. "पुरात जो तो कॅन घिऊन पळतोय. तेल घाटलंय का न्हाय, कोण बघतंय? मधल्या धारंत इंजिन जाम झालं म्हंजे?" असं तो म्हणायचा आणि दरवर्षी पंप उघडायचा, नळ्या बदलायचा, नळीतला हवेचा शेवटचा बुडबुडा निघेपर्यंत मांडी घालून बसायचा.

टाकीतलं तेल तळाला गेलं की भोंगा वाजे. बारीक, चिरका. गावानं त्याचं नाव कोंबडा ठेवलं होतं. मृगाच्या आधी घाटावर बोटीची चाचणी व्हायची आणि कोंबडा आरवल्याशिवाय नारळ फुटायचा नाही, असा रिवाजच पडून गेला होता.

नवा भोंगा जोडून झाला. जोतीरामनं फ्लोट खाली सरकवला. पुन्हा गप्प. एवढ्यात आतून चिमणाबाई दोन्ही कानांवर हात ठेवून बाहेर आली. तिचे ओठ हलताना दिसले.

"काय?"

"बंद करा की त्येला!" ती जवळ येऊन ओरडली. "सकाळपास्नं कान किटलं माझं!"

"कशानं?"

"कोंबड्यानं! गल्ली जागी केलीसा की!"

जोतीरामनं हातातल्या फ्लोटकडं बघितलं, मग बायकोकडं. "वाजतोय?"

चिमणाबाईनं कानांवरचे हात हळूच काढले.

"जरा भिंतीकडं तोंड कर. वाजला की हात वर कर."

शाळेतल्या पोरीसारखी ती भिंतीकडं तोंड करून उभी राहिली. त्यानं फ्लोट खाली केला, तिचा हात वर गेला. फ्लोट वर केला, हात खाली आला. मध्ये थांबून, घाई करून, फसवून बघितलं. हात एकदाही चुकला नाही. जुना भोंगा चांगला होता, नवाही चांगला होता. सारं आयुष्य मोटारींच्या खडखडाटात गेलेलं. जाड आवाज अजून ऐकू येत होते, बारीक आवाज कधी निघून गेले त्याचा त्याला पत्ताच लागला नव्हता.

"तुला ठावं हुतं?"

"तुमी डाळ जाळलीसा, तवापास्नं कुकरच्या शिट्ट्या मीच मोजतो न्हवं," चिमणाबाई म्हणाली. मग आवाज खाली आणून, पण त्याला समजेल असं तोंडासमोर येऊन म्हणाली, "माझ्या दादाला काय सांगू नगा. घाटावर नेहमीगत जावा."

एरवी पुराच्या दिवसांत हीच बाई त्याची वाट अडवायची. बोटीत बसू नका म्हणून भांडायची, रुसायची, देव पाण्यात घालायची. पण बोटीतली ती मागची जागा, इंजिनाशेजारची, नवऱ्याच्या लेखी काय होती हे तिच्याइतकं कुणाला माहीत होतं? मागच्या मोठ्या पुरात बोट माणसांनी भरलेली असताना मधल्या धारेत कोंबडा आरवला. पोरं रडत होती, एक म्हातारी शेळीला मिठी मारून देवाचा धावा करत होती. त्या गलक्यात भोंगा ऐकू आला तो एकट्या जोतीरामला. त्यानं वेग कमी केला, पायाशी ठेवलेल्या डब्यातलं तेल ओतलं आणि बोट काठाला लावली. त्यानंतर चिमणाबाईच्या भावानं, हंबीररावांनी, बोटीतल्या एका लाइफ जाकिटाच्या पाठीवर त्याचं नाव रंगवून घेतलं. बाकीची जाकिटं गावाची, ते एकच जोतीरामचं.

घाटावर जायच्या आधी जोतीरामनं एक युक्ती शोधून काढली. भोंगा वाजताना त्यावर अंगठा ठेवला, की हाताला बारीक झिणझिण लागायची. चाचणीला सगळं गाव जमलं. त्यानं अंगठा टेकवला, फ्लोट खाली केला, झिणझिण लागली आणि त्यानं मान डोलावली.

"आरवला!" पोरं ओरडली. नारळ फुटला. हंबीररावांनी पहिलं खोबरं गावच्या जावयाच्या हातावर ठेवलं. ते त्याला गोड लागलं नाही.

मग नेहमीची फेरी निघाली. पुढं हंबीरराव, मध्ये त्यांची मुलगी तेजस्वी. ही डेअरीचा दुधाचा टेम्पो चालवायची, इंजिनही तीच उचगावला ने-आण करायची. जोतीराम मागं बसला, दोरी ओढली, इंजिन एका झटक्यात चालू झालं. नदीचं पाणी कापत बोट पलीकडं गेली आणि वळून परत आली. धूर पातळ, निळसर. पंप चोख चालला होता. त्याला वाटलं, निभावलं.

काठाला लागताना त्याची नजर टाकीवर गेली. युक्तीच्या नादात फ्लोट वर करायचाच राहून गेला होता. त्यानं चटकन भोंग्यावर अंगठा ठेवला. सगळं इंजिनच थरथरत होतं, त्यात झिणझिण कुठली कळणार?

त्यानं इंजिन मंद केलं. "तेजू, कोंबडा वाजतोय?"

"व्हय की मामा. मघापास्नं."

"मग सांगितलं का न्हाईस?"

"मला वाटलं, तुमी मुद्दाम वाजवतायसा. लोकास्नी ऐकू जावा म्हणून."

हंबीरराव पुढून हसले. "दाजी बसल्यात म्हटल्यावर आमी कशाला बोलतोय?"

ते हसणं जोतीरामला लागलं. म्हणजे पुरातही असंच होणार होतं. कोंबडा ओरडत राहील आणि दाजी बसलेत म्हणून सगळे निर्धास्त राहतील. त्यानं इंजिन बंद केलं.

"हंबीरराव, मला कोंबडा ऐकू येत न्हाय."

ऐकू कमी येणाऱ्याला आपला आवाज कळत नाही. सगळ्या घाटानं ऐकलं. पायरीवर उभ्या चिमणाबाईनं पदर तोंडाला लावला.

"मग काय झालं?" हंबीरराव सावरून म्हणाले. "वाजला की आमी सांगू की तुमास्नी."

"आता सांगितलासा?"

जोतीरामनं जाकिटाचे पट्टे सोडले आणि ते तेजस्वीपुढं धरलं. "उद्यापास्नं दुकानात येत जा."

"मामा, मला जमंल?"

"तुझं कान चांगलं हायत. बाकीचं शिकवतो."

घरी परतताना टेम्पोत त्याला भडभडून आलं. खिडकीकडं तोंड करून तो रडला. चिमणाबाईनं मांडीवरची खोबऱ्याची पिशवी उगाच उघडली आणि बांधली.

पाणी श्रावणात चढलं. सासुरवाडीच्या वेशीपर्यंत आलं, पुढं उसाचे नुसते शेंडे दिसत होते. जोतीराम गुडघाभर पाण्यात उभा राहून टाकीत तेल ओतत होता. टाकी भरली, झाकण बसलं, सांडलेला थेंब त्यानं फडक्यानं पुसला. फ्लोट जागेवर आहे का, तेवढं पुन्हा बघितलं. तेजस्वीनं दोरी ओढली. तिच्या पाठीवर त्याचं नाव होतं. नवं जाकीट मागवू म्हणाली होती, यानंच नको म्हटलं होतं.

बोट उसावरून वळून वाड्यावस्त्यांकडं गेली. धूर दिसत होता तोवर तो धुराकडं बघत राहिला. पातळ होता, निळसर होता. मग तोही दिसेनासा झाला.

"येतोय आवाज?" त्यानं चिमणाबाईला विचारलं.

तिनं पदर कानामागं सारला आणि पाण्याकडं कान दिला. "येतोय."

"कोंबडा?"

"न्हाय. नुसतं इंजिन."

"मग बरं हाय," तो म्हणाला आणि पुढच्या फेरीचं तेल काढायला वाकला.