वरच्या कप्प्यातलं झबलं

मित्रांनो, मला कानाजवळ धरून हलवलंत, तर आत काहीतरी खुळखुळल्यासारखं वाटेल. माझं चाक वगैरे निखळलेलं नाही. तो तांदळाचा एक दाणा आहे. तो आत कसा आला, हे मला कुणाला तरी सांगायचं आहे, आणि या माळ्यावर ऐकणारं दुसरं कुणी नाही.

मी एक जुनी व्हिडिओ कॅसेट. माझा जन्म एका बंद खोलीत झाला. एका यंत्रावर सिनेमा चालू होता आणि बाकीच्या यंत्रांत बसून आम्ही कोऱ्या कॅसेटी तो पोटात उतरवून घेत होतो. शेजारच्या खोलीतल्या कॅसेटींच्या नशिबी देवादिकांचे आणि हसवणुकीचे सिनेमे आले. माझ्या वाट्याला आली एक सूडकथा. एक बाई बाळ सांभाळायला एका घरात येते. त्या घरावर तिचा जुना राग असतो. ती गोड बोलते, हळूहळू बाळाला आपलंसं करते, त्याचे कपडे चोरून आपल्या पेटीत लपवते आणि घरातल्यांना एकमेकांपासून तोडते. तिला काहीही विचारा, उत्तर तयार! मला कव्हर मिळालं तेही तसंच. अर्धा चेहरा अंधारात असलेली बाई आणि तिच्या हातात बाळाचं झबलं.

नालासोपाऱ्याला तुळिंजच्या बाजारात बर्नार्डकाकांची व्हिडिओ लायब्ररी होती. तिथे मी दाखल झाले आणि काय सांगू, माझा थाट वाढला. शनिवारी मला मागायला रांग लागे. लोक दिवे मालवून मला बघत आणि मग पाणी प्यायला स्वयंपाकघरात एकटं जायला घाबरत. मला त्याचा अभिमान वाटे. पण हसवणुकीच्या कॅसेटी परत आल्या की लोक त्यांतले संवाद म्हणत हसत उभे राहत. मला मात्र काउंटरवर उलटी ठेवून चटकन निघून जात. मी हवी म्हणणारे पुष्कळ होते, पण मला जवळ ठेवून घ्यावं असं कुणालाच वाटलं नाही.

एका शनिवारी संपदाताईंनी मला घरी नेलं. त्या आणि त्यांचे यजमान सुधाकर, दोघेही मुंबईला नोकरीला. त्यांची क्षितिजा अडीच वर्षांची होती. ती सहा महिन्यांची असल्यापासून तिला बायजामावशी सांभाळत. त्या कामणच्या बाजूच्या खाडीकाठच्या गावातल्या. घरची थोडी भातशेती. त्या सकाळी येत आणि ताई परतल्या की जात. क्षितिजा जेवायची ती त्यांच्या मांडीवर आणि झोपायची ती त्यांच्या खांद्यावर.

ताईंनी मला पाहिलं मात्र, त्यांच्या मनात कुसळ शिरलं. सुधाकर हसून म्हणाले, अगं, सिनेमाच तो. ताईही हसल्या, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा एकट्याच मला बघत बसल्या. आपली क्षितू आजकाल माझ्याकडे का येत नाही, मावशी गेल्या की का रडते, असं काहीबाही नवऱ्याला विचारू लागल्या. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, तो असा. माझं कव्हर मावशींना दिसू नये म्हणून त्यांनी मला कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेवलं. तिथे क्षितिजाचे लहानपणीचे, आता न होणारे कपडे होते. तिथे मावशींचा हात जायचं काही कारण नव्हतं.

पण सोमवारी दुपारी कपाट उघडलं. क्षितिजाला कडेवर घेऊन मावशी समोर उभ्या होत्या. त्यांनी मला अलगद बाजूला सरकवलं. कव्हरवरच्या बाईकडे त्यांचं लक्षही गेलं नाही. कपड्यांतून त्यांनी एक पिवळं, धुऊन धुऊन मऊ झालेलं झबलं काढलं आणि क्षितिजाला विचारलं, "क्षितू, तुझं हे झबलं माझे येनारे नातवाला नेऊ? तुझंच हाय, म्हनून तुलाच पयलं इचारते."

क्षितिजा म्हणाली, "ने."

मावशींनी पदराची गाठ सोडली. तीत आपल्या शेतातले मूठभर तांदूळ बांधून आणले होते. ते त्यांनी झबल्याच्या रिकाम्या जागी, माझ्या शेजारी ठेवले आणि तिला म्हणाल्या, "रिकामं ठेवाचं नाय हां, बाय." त्यांच्या सुनेची दोन बाळं जन्मून गेली होती आणि आता तिला पुन्हा दिवस गेले होते. धडधाकट वाढलेल्या मुलाचं जुनं झबलं नव्या बाळाला घातलं की ते टिकतं, असं त्यांच्या घरात मानत. संध्याकाळी ताईला सांगेन, असं त्या क्षितिजाशी बोलत कपाट लावून गेल्या.

संध्याकाळ झाली, पण सांगायची वेळ आलीच नाही. मला परत करायचं म्हणून ताईंनी आल्या आल्या कपाट उघडलं. झबलं गायब, तिथे तांदूळ, आणि माझ्या कव्हरवर झबलं हातात घेतलेली ती बाई! त्यांनी मावशींना हाक मारून जाब विचारला.

मावशी शांतपणे म्हणाल्या, "झबलं मीच घेतलं, ताय. मी तुमाना सांगनारच होती." मग त्यांनी सुनेचं सगळं सांगितलं.

ते शब्द खरे होते. पण माझ्यातली ती बाईसुद्धा दर वेळी असंच शांतपणे, पटेल असं उत्तर देते ना! त्यामुळे मावशींचं खरं उत्तरच ताईंना त्यांच्याविरुद्धचा पुरावा वाटलं. मित्रांनो, त्या घरात खरं काय घडलं ते बघणारी, मोठ्यांतली म्हणाल तर, मी एकटी होते. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं. पण मला एकच गोष्ट बोलता येते, आणि ती खोटी होती. इतकं एकटं मला त्याआधी कधी वाटलं नव्हतं.

उद्यापासून येऊ नका, असं ताई म्हणाल्या. मावशींनी पिशवीतून झबलं काढून खाटेवर ठेवलं, क्षितिजाच्या डोक्यावरून हात फिरवला आणि त्या गेल्या. ताईंनी तांदूळ हाताने झटकून टाकले. माझ्या कव्हरचा एक कोपरा फुटलेला होता. एक दाणा तेवढा तिथून आत घरंगळला आणि माझ्या पोटापर्यंत पोचला. मी कपाटातच राहिले. त्या झबल्याकडे आणि माझ्याकडे बघायचं ताईंना नको झालं होतं.

ताईंनी रजा काढली. क्षितिजा दोन दिवस धड जेवली नाही. बेल वाजली की दाराकडे धावायची. मग एका सकाळी ती किलकिल्या कपाटासमोर बाहुलीशी खेळत बसली होती. तिने बाहुलीचा झगा काढला, स्वयंपाकघरातून मूठभर तांदूळ आणले आणि झग्याच्या जागी सांडले. मग बाहुलीला म्हणाली, "तुझंच हाय, तुलाच इचारते. ने? ने. रिकामं ठेवाचं नाय हां, बाय."

ताई भाजी निवडत होत्या. त्यांनी भाजी बाजूला सारली. मग त्यांनी लेकीला जवळ घेऊन विचारलं, झबलं कुणी दिलं? "मी दिलं," क्षितिजा म्हणाली. जे मला जमलं नाही, ते या चिमुरडीने करून दाखवलं. ताई तिला पोटाशी धरून खूप रडल्या. त्याच दुपारी त्यांनी ते झबलं पिशवीत घातलं आणि लेकीला घेऊन मावशींचं गाव गाठलं.

तिथे काय झालं, ते त्यांनी संध्याकाळी सुधाकरांना सांगितलं, तेव्हा मला ऐकू आलं. मावशींनी क्षितिजाला उचलून घेतलं. ताईंना चहा दिला. झबलं दोन्ही हातांनी घेऊन सुनेकडे दिलं. ताईंनी सिनेमाचं सगळं सांगून माफी मागितली आणि पुन्हा कामावर या म्हणून विनवलं. मावशी रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "ताय, सिनेमा तीन तासांचा असंल. मना तर तुमी दोन वर्सं बघत होतात."

मावशी पुन्हा कामावर आल्या नाहीत. मात्र ताई निघाल्या तेव्हा त्यांनी ताईंची पिशवी मागून घेतली आणि तीत नवे तांदूळ भरून दिले. रिकामी पिशवी कशी द्यायची!

दुसऱ्या दिवशी ताईंनी मला लायब्ररीत परत केलं. पुढे घरोघर केबल आली, मग चकचकीत सीड्या आल्या. बर्नार्डकाकांनी लायब्ररी बंद केली आणि आम्हाला गोणीत भरून भुईगावच्या आपल्या घरी माळ्यावर ठेवलं. समुद्राच्या दमट हवेने माझ्या फितीला बुरशी धरली. खाली कुणाचं तरी बाळ रडतं, कुणीतरी त्याला थोपटतं, आणि मी नुसती ऐकत असते. मला लावायचं यंत्रही आता उरलेलं नाही. ती अर्ध्या चेहऱ्याची बाई पुन्हा कुणाच्या दारात येणार नाही, याचं मला दुःख नाही. पण मला शोधत कुणी येत नाही, याचं आहे.

मित्रांनो, तुमच्याही घरी तुम्हाला भरवणारं, थोपटणारं, शाळेतून आणणारं कुणी परकं माणूस असेल. त्याच्याबद्दल कुणी काही सांगितलं, पडद्यावर काही दाखवलं, तर आधी त्या माणसाकडे नीट बघा. ते तुमच्यासमोरच असतं. आणि कधी या माळ्यावर आलात, तर माझी फीत खुशाल टाकून द्या. आतला तेवढा दाणा मात्र राहू द्या. त्याच्यामुळेच मी अजून रिकामी नाही.