टेकडीवरचं टपाल

"टेकडीवर टपाल वाटायची बीट मी सोडणार नाही," पोस्टमननं सांगितलं आणि बदलीचा कागद पोस्टमास्तरांकडे तसाच परत सरकवला.

मोठ्या आतड्याचा कॅन्सर झाला, वीतभर आतडं कापून काढलं, वर सहा महिने केमो. एवढं सोसून माणूस कामावर परतला, तर त्याला खिडकीमागे शिक्के मारायला बसवायचं, कशासाठी तर म्हणे विश्रांतीसाठी. विश्रांतीचं नाव काढलं की त्याच्या डोक्यात तिडीक जायची. डॉक्टरीणबाईंनी तर साफ सांगितलं होतं, आजार उलटू नये म्हणून रोज अर्धा तास भरभर चाला. बोलता यावं पण गाता येऊ नये, इतका दम लागला पाहिजे. तीन महिने बायको रोज संध्याकाळी त्याच्याबरोबर चालत होती. मध्येच म्हणायची, "अहो, गा बघू." त्याला गाता आलं की त्याला मागे टाकून ती झपाझप पुढे निघायची.

पोस्टमास्तर वयानं लहान, पण माणूस वाईट नव्हता. "काका, चालाल हो तुम्ही," ते आवाज खाली आणून म्हणाले. "पण वाटेत लागली तर? इथं संडास दहा पावलांवर आहे."

हे मात्र खरं होतं. ऑपरेशनपासून आतडं धन्याचं ऐकत नव्हतं. कळ आली की सवड म्हणून देत नसे. चढाला तो भीत नव्हता, भीत होता तो एवढ्यालाच.

"आज मला जाऊन येऊ द्या," तो म्हणाला. "बाराच्या आत परत आलो नाही, तर सही करतो."

पिशवी खांद्याला लावून तो निघाला. बेकरीची गल्ली झाली, दवाखाना झाला, मग टेकडीच्या एकशेचाळीस पायऱ्या, मधल्या घरांत पत्रं टाकत टाकत. अर्ध्यावर त्यानं गाऊन पाहिलं. सूर फुटेना, नुसतीच हवा बाहेर आली. तो मनातून खूश झाला.

शेवटच्या पायरीवर पोटात कळ आली.

समोर हेडबाईंचं घर होतं. शाळेत त्यांनी त्याला पिडलं होतं आणि निवृत्त झाल्यापासून त्या टपालखात्याला पिडत होत्या. दर आठवड्याला एक तक्रार ठरलेली. पंचवीस वर्षं त्यानं हे दार वाजवलं, पण आत पाऊल कधी टाकलं नव्हतं. मागं फिरावं तर पायऱ्यांवरच अब्रू जाणार. त्याला स्वतःच्या लाजेचाच संताप आला. मरणाला तोंड दिलं आणि आता एका दारापुढे मान खाली घालायची? त्यानं कडी वाजवली.

"बाई, जाऊ का?" तोंडातून शाळेतलंच वाक्य बाहेर पडलं.

हेडबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "डावीकडे. पिशवी इथं ठेव."

तो बाहेर आला तेव्हा त्या टेबलाशी बसून काहीतरी लिहीत होत्या. पाकीट चिकटवून त्यांनी त्याच्या हातात दिलं. "मास्तरांना दे. तक्रार आहे."

"माझी?"

"मग काय माझी?"

बाराला पाच कमी असताना तो घामाघूम होऊन पोस्टात शिरला. बदलीचा कागद आणि पेन टेबलावर वाट पाहत होते.

"लागली का हो वाटेत?" पोस्टमास्तरांनी हळूच विचारलं.

"लागली," तो सगळ्यांच्या देखत, मोठ्यानं म्हणाला. "हेडबाईंकडे गेलो. उद्या लागली तर दुसऱ्या कुणाकडे जाईन. त्या वाटेवर बेचाळीस घरं आहेत साहेब, आणि प्रत्येक घरात संडास आहे." मग त्यानं पाकीट पुढे केलं.

पोस्टमास्तरांनी ते फोडून वाचलं. 'आज टपाल दहा मिनिटं उशिरा मिळालं. पोस्टमन माझ्या संडासात होता. गेलं वर्षभर तुमचा दुसरा माणूस माझी पत्रं शेजारी टाकत आला. उद्यापासून यालाच पाठवावं, आणि वेळेवर.'

त्यांनी ते दोनदा वाचलं. बदलीचा कागद उचलून ड्रॉवरमध्ये टाकला.

"काका, यांना आता उत्तर काय देऊ?"

पोस्टमन अजून धापा टाकत होता, पण खुर्चीत बसला नाही.

"लिहून ठेवा काय ते," तो म्हणाला. "उद्या मी नेऊन देतो."