सातव्या पायरीवरची मेणबत्ती

वाखेनदालच्या द्राक्षमळ्यातल्या जुन्या हवेलीचं आता संग्रहालय झालं होतं आणि रविवारी तिथे माणसं मावेनात. मालकिणीचा पलंग, चिनी मातीची ताटं, सगळं ओलांडून लोक थेट तळघराच्या तोंडाशी गर्दी करत. तिथे ते आपल्या मेलेल्या माणसांना प्रश्न विचारत आणि उपदेशक ब्रदर उरायस लांब काठीला मेणबत्ती लावून पायऱ्यांवरून खाली सोडायचा. सातव्या पायरीपाशी ज्योत थरथरायची, मान टाकायची आणि विझायची. वारा नाही, फुंकर नाही.

"आला!" ब्रदर गरजायचा. "विझली म्हणजे 'हो'! मेलेल्यांना जीभ नसते, पण श्वास असतो!"

"आमच्या ह्यांचा श्वास असता तर दारूने भडका उडाला असता," मागून एक विधवा पुटपुटली.

दाराशी तिकिटं फाडणारा अबेल फोर्टेन हसला नाही. चाळीस वर्षं वाइनच्या पिंपांत घालवून तो आता हवेलीचा राखणदार झाला होता. माणूस हिशेबी. चार रविवारांत त्याने भिंतीवर पेन्सिलीने रेघा ओढल्या होत्या: एकतीस प्रश्न, एकतीस होकार. एवढ्या मेलेल्यांत एकही 'नाही' म्हणणारा निघू नये? आणि यायचे तेही नेमके द्राक्षांच्या हंगामात. हिवाळ्यात म्हणे आत्मे झोपतात.

त्यातल्या चार रेघा सारलीनच्या, त्याच्या भाचीच्या. तिचा एकोणीस वर्षांचा मुलगा रेगन गेल्या हंगामात शेजारच्या नव्या वाइन-कोठारात टाकी धुवायला उतरला, तो जिवंत वर आलाच नाही. कोठाराचे साहेब म्हणाले, हृदय बंद पडलं. दर रविवारी ती एकच विचारायची, "मीच तुला त्या कामाला धाडलं. माफ केलंस का रे?" ज्योत विझायची. मग आठवडाभर ती दोन घास खायची.

म्हणून अबेल गप्प होता.

पण आज ब्रदर म्हणाला, "आज आई स्वतः खाली जाईल. एकटी! गुंगी आली तर भिऊ नकोस, बाई. ती लेकराची मिठी."

सारलीनने बूट काढले. अबेल आडवा आला.

"मामा, बाजूला व्हा."

"एक बादली आणतो. तेवढं थांब."

"आता बादली कशाला?"

"थांब म्हटलं ना!"

नव्या कोठारातून त्याने अर्धी बादली फसफसता रस आणला, वर गोणपाट टाकून. भर अंगणात, उन्हात ठेवला. ब्रदरची काठी हिसकावून मेणबत्ती पेटवली, गोणपाट सारलं आणि ज्योत बादलीत सोडली. विझली.

"ब्रदर, या बादलीत कोण मेलंय?"

"देवाची थट्टा करतोस?"

"देवाची नाही, तुमची." त्याने मेणबत्ती पुन्हा पेटवली. "अबेल फोर्टेन पोर्तुगालचा राजा आहे का?" विझली. "हो म्हणाली! टोप्या काढा रे!"

लोक हसले. ब्रदर मात्र आपलीच टोपी शोधू लागला.

"रस आंबताना वायू सुटतो," अबेल म्हणाला. "हवेपेक्षा जड, म्हणून खाली साचतो. नव्या कोठाराचं गटार या तळघरात उघडतं. त्या वायूत ज्योत जगत नाही आणि माणूसही नाही. आमच्या वेळी ही काठी पुढे धरल्याशिवाय कोणी उतरत नसे. विजेचे दिवे आले, काठी काचेच्या कपाटात गेली. पाटी लावली, 'प्रार्थनेची मेणबत्ती'. पाटी लिहिणाऱ्याने कधी पिंप धुतलं नव्हतं. मी धुतलं होतं. तरी रोज ती पाटी वाचून गप्प बसलो."

सारलीन अनवाणीच अंगणातल्या पायरीवर बसली.

"म्हणजे रेगन... यानेच?"

"यानेच."

"हृदय नव्हतं?"

"नव्हतं."

"आणि माफी?"

"ते मेणबत्तीला कुठून कळणार, पोरी?"

मग ती म्हणाली, "तुम्हाला ठाऊक होतं. चार रविवार."

"तू जेवत होतीस."

तिने त्याच्या हातातली काठी काढून घेतली.

सोमवारी सकाळी कामगार नव्या कोठाराशी आले, तर दारात सारलीन, हातात तीच काठी.

"बाई, उशीर होतोय," मुकादम कुरकुरला.

तिने ज्योत टाकीत सोडली. विझली. एकाने छातीवर क्रूस काढला.

"प्रार्थना नको, प्रश्नही नकोत," ती म्हणाली. "ही कुणाचा निरोप आणत नाही. इथे श्वास घेता येत नाही, एवढंच सांगते. दारं उघडा, पंखा लावा. ही तळाशी जळेपर्यंत कोणी उतरायचं नाही. साहेबांनी सांगितलं तरी."

तासाभराने तिने मेणबत्ती पुन्हा सोडली. टाकीच्या तळाशी ज्योत सरळ उभी राहिली. सारलीन तिच्याकडे कितीतरी वेळ बघत राहिली. विचारलं मात्र काहीच नाही.